मराठीतून उमगलेली उपासना
(वाचनालयाच्या महिला विभागापुढे केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या महिला विभागातील काही भगिनी अहमदाबादचे मागेन अब्राहाम सिनेगॉग पाहून आल्या. १९३४ साली उभारलेल्या या प्रार्थनामंदिरासमोरच पारशांची अग्यारी आहे. जाणाऱ्यांत हिंदू, जैन, ख्रिस्ती व बोहरा अशा सर्व होत्या. मी सोबत होतो. सामानाची राखण करण्यापुरता, असे त्यांचे म्हणणे.

तेथे भेटलेल्या वृद्ध बेने इस्रायल बाई आमच्याशी कोकणी वळणाच्या मराठीत बोलल्या. रोश हशाना हा पूर्वजांचा 'नव्याचा सण', योम किप्पूर हा 'दरफाळणीचा', असे त्यांनी सांगताच निम्मे परकेपण गळून पडले. चिकाच्या हलव्यात नारळाचे दूध का, तर मांसान्नाबरोबर गाईम्हशीचे दूध निषिद्ध म्हणून. भांडीही निराळी का, हा प्रश्न आमच्या जैन भगिनीलाच सुचावा हे साहजिक होते. पुढे नवसाच्या 'मलिद्या'चा विषय निघाला. पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचे ताट मांडून एलियाहू नबीचे स्मरण करतात. मलिदा हा शब्द बोहरा भगिनीच्या घरचा निघाला, आणि एलियाहू ख्रिस्ती भगिनीच्या बायबलातला. कोणी कोणाला शिकवले हे सांगणे कठीण.

स्त्रियांनी वरच्या सज्जात का बसायचे, हेही विचारले गेले. ती जुनी परिपाटी आहे, एवढेच बाई म्हणाल्या. मला डॉ. जेरुशा झिराड आठवल्या. त्यांच्या पुढाकाराने १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी संस्था स्थापन झाली. हा प्रश्न त्या समाजातील स्त्रीने आमच्या कितीतरी आधी हाताळला होता.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी इतकी वर्षे एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवले. मिशनऱ्यांचे बायबल विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेतले. परंतु पेसाह सणाला घरोघर वाचावयाची हग्गादा मराठी अनुवादासह १८४६ सालीच मुंबईत छापली गेली, हे वर्गात एकदाही सांगितले नाही. पुण्याच्या १८७४ च्या आवृत्तीत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास या समाजाने हरिकीर्तनाचा साज घेऊन योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रचली. पुढे इस्रायलला गेलेल्या स्त्रियांनी त्या पदांच्या वह्या सोबत नेल्या.

परत आल्यावर मी आपली ग्रंथसूची चाळली. या वाङ्मयातील एकही पुस्तक त्यात नाही. कोणाच्या घरी जुनी प्रत, निदान कीर्तनाची वही असल्यास, ग्रंथपालांकडे आणून द्यावी. झेरॉक्स काढून मूळ प्रत परत करण्याची जबाबदारी माझी.