तिची ओवी, आपली ओवी



आम्ही चामटोलीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. बदलापूर आणि वांगणी या दोन स्टेशनांच्या मधलं आमचं गाव. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस इथंच पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते, सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशी दिवसभर गावाचं नाव टीव्हीवर होतं. दुसऱ्या दिवशी नाव गेलं, गाव तिथंच राहिलं. हे का सांगतोय ते पुढं कळेल.

आजचा विषय आहे हातातल्या कलेचा. कला म्हटलं की आपण लगेच म्हणतो, आमच्याकडं कुठली कला? पण दारात रांगोळी काढणारी, गोधडी शिवणारी, रुखवत मांडणारी, मेंदी काढणारी, हळदीला गाणी म्हणणारी, भजनात आवाज लावणारी, अशी एक तरी बाई प्रत्येक घरात असते. आणि याच बायकांच्या तोंडी एक वाक्य असतं : "तिच्यासारखं नाही जमत गं मला."

एकदा म्हटलं तर काही बिघडत नाही. पण तेच वाक्य रोज मनात घोळू लागलं की हात आखडतो. दिवाळीत दार शेणानं सारवलेलं असतं, रांगोळीचा डबा समोर असतो, आणि बाई बाजारातून स्टिकर आणून चिकटवते. का? तर समोरच्या घरची सून फार छान काढते. हळदीच्या दिवशी गाणं पाठ असूनही एखादी मागं बसते, कारण पुढं बसलेलीचा आवाज गोड आहे. अर्धी शिवलेली गोधडी पत्र्याच्या पेटीत जाते, ती तिथंच राहते. यात कुणाचं पैशाचं नुकसान दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. पण एक बाई गप्प झाली की तिच्याकडची गाणी, तिच्या आईकडून आलेली नक्षी, तिच्या टाक्याची पद्धत, सगळं तिच्याबरोबर गप्प होतं.

ही सवय लागते कशी?

१९५४ साली लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं यावर लिहिलं. त्याचं म्हणणं आपल्याला सहज पटेल. आपण कितपत आहोत हे जाणून घ्यायची प्रत्येकाला ओढ असते. जिथं मोजायला माप असतं तिथं आपण मापानं मोजतो. जिथं माप नसतं तिथं माणूस दुसऱ्या माणसाकडं बघून स्वतःला मोजतो. आणि बघतो तेही आपल्यासारख्याच माणसाकडं.

आपल्या घरातच बघा. तांदूळ किती पिकला हे वजनकाटा सांगतो. पापड किती झाले ते मोजता येतात. पण रांगोळी किती छान झाली याचा काटा कुठं आहे? काटा नाही, म्हणून नजर शेजारी जाते. लता मंगेशकरांचं गाणं ऐकून आपल्याला कधी वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते जावेचं गाणं ऐकून. ती आपल्यासारखीच, त्याच घरातली, त्याच वयाची. मग तिला येतं आणि मला का नाही?

पूर्वी ही तुलना जाऊ, नणंद, शेजारीण एवढ्यावर थांबायची. आता मोबाइलमुळं सगळं जगच शेजारी येऊन बसलंय. चूल आवरून, पोरांना झोपवून दहा मिनिटं फोन हातात घेतला, तर दहा मिनिटांत वीस बायकांच्या वीस रांगोळ्या दिसतात. त्या दोन तासांची रांगोळी अर्ध्या मिनिटात दाखवतात. पुसलेली रेघ दाखवत नाहीत, बिघडलेली तर नाहीच नाही. त्या घरात पाणी भरायला कोण गेलं, म्हातारीचं औषधपाणी कुणी केलं, तेही दिसत नाही. आणि इकडं आपण आषाढात दिवसभर भातलावणीत कमरेतून वाकून आलेल्या. तिचा पूर्ण झालेला नमुना आणि आपला थकलेला हात, यांची बरोबरी लावायची कशी? माप एक नाही, वेळ एक नाही, घर एक नाही.

आता नावाचं बोलू. ज्याचं नाव होतं त्याची कला मोठी, असं आपल्याला वाटतं.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. डहाणूचा भाग आता पालघर जिल्ह्यात गेला, पण वारली चित्रं आपल्याला परकी नाहीत. वारल्यांच्या लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात. हा चौक सवाशिणी काढतात आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. पिढ्यान्‌पिढ्या हे बायकांनी केलं. भिंतीवर कुणी सही केली नाही आणि पहिला-दुसरा नंबरही काढला नाही. चौक लिहिला की लग्न पुढं जायचं, एवढंच त्याचं मोल आणि तेवढंच पुरेसं.

मग १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाची वाट न बघता रोज चित्रं काढायला घेतली. मासेमारीचं जाळं, मुंग्या, शेत, सगळं त्यांनी त्या पांढऱ्या रेघेत आणलं. त्यांची चित्रं परदेशात गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा मान खरा आहे, कष्टाचा आहे. पण त्यांचं नाव झालं म्हणून सवाशिणीचा चौक लहान झाला का? नाही. कागदावरचं चित्र प्रदर्शनात टांगायचं, भिंतीवरचा चौक लग्नघराचा. दोघांचं काम वेगळं. आमच्या गावाचं नाव टीव्हीवर आलं म्हणून गाव मोठं झालं नाही आणि गेलं म्हणून लहानही झालं नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट बहिणाबाई चौधरींची. २४ ऑगस्ट १८८० ला जळगावजवळच्या असोद्यात त्यांचा जन्म झाला. लिहितावाचता येत नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव शिकलेला, कवी म्हणून नाव असलेला. एकाच घरात मुलाची कविता छापली जात होती आणि आईची गाणी जात्यावर होती. तरी आईचं गाणं थांबलं नाही. घरातल्यांनी, सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं ती गाणी ऐकून लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

या गोष्टीतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, मला वाचता येत नाही म्हणून माझं गाणं कमी, असं धरून त्या गप्प बसल्या असत्या तर आज आपल्या हाती काहीच नसतं. दुसरी, शेजारी कुणीतरी वही घेऊन बसलं म्हणून ती गाणी राहिली. एकीनं गायचं आणि दुसरीनं लिहायचं, दोन्ही कामं लागतात.

आता जात्याकडं येऊ. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. पण ओव्या सगळ्या गेल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी बरोबरच्या कार्यकर्त्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकताही येतात. त्यात एक गंमत आहे. पुष्कळ ओव्यांची सुरुवात सारखीच असते. ओळ तीच, पण एक बाई ती भावाकडं नेते, दुसरी आईकडं, तिसरी विठ्ठलाकडं. पहिलीची ओळ दुसरी उचलते आणि आपलं दुःख, आपलं सुख तिला जोडते. तिथं चोरी नाही, चढाओढ नाही. जात्याला दोघी बसल्या की खुंट्याला दोघींचा हात असतो. एकीनं जोरात ओढलं आणि दुसरीनं सोडून दिलं तर पीठ पडत नाही.

आम्हाला वाटतं, तुलनेच्या सवयीवर हाच उतारा आहे. दुसरीचं काम दिसलं की तिला तराजूत घालायचं नाही. तिची ओळ म्हणून घ्यायची आणि पुढची आपली जोडायची. "माझ्याहून छान आहे का?" हा प्रश्न बाजूला ठेवून "हे तू कसं केलंस गं?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नानं हात थांबतो, दुसऱ्यानं हात चालतो. आगरी लग्नातली धवलारीणही अशीच तयार होते. मोठ्या धवलारणीच्या मागं बसायचं, तिच्या सुरात सूर मिसळायचा, कधीतरी आपण पुढं यायचं.

आता कुणी म्हणेल, मग तुलना करायचीच नाही का? करायची. विकायला बसलो की करायलाच लागते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात शेजारच्या गटाचा पापड कितीला जातो, पिशवी कशी बांधलीय, वजन लिहिलंय का, हे बघायचंच. तिथं माप आहे. भाव बघा, वजन बघा, शिलाई बघा. मात्र तिचा माल जास्त गेला यावरून "मला काहीच येत नाही" असा निकाल काढायचा नाही. माल कसा खपतो हा वेगळा हिशेब आहे, आपण कोण आहोत हा वेगळा.

गटात करण्यासारखी चार कामं सांगतो.

पहिलं, आपल्याच जुन्या कामाशी तुलना करा. रांगोळीचा फोटो तारखेसह ठेवा. गोधडीचा एक तुकडा जपून ठेवा. पुढच्या वर्षी शेजारी ठेवून बघा, धावदोरा किती सरळ झाला ते कळेल. हे माप आपलं स्वतःचं.

दुसरं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रांगोळीची स्पर्धा ठेवता ना? एक वर्ष नंबर काढू नका. अंगणात एकच मोठी रांगोळी काढा. एकीनं ठिपके द्यायचे, दुसरीनं रेघ ओढायची, तिसरीनं रंग भरायचे. वेडीवाकडी रेघ आली तर तिथूनच पान फुटू द्यायचं.

तिसरं, एक वही करा. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकीनं एक जुनं गाणं म्हणायचं आणि शाळेत जाणाऱ्या मुलीनं ते लिहून घ्यायचं. आवाज कसा आहे ते बघायचं नाही. म्हाताऱ्या बायकांपासून सुरुवात करा, कारण त्यांच्याकडं साठा जास्त आहे आणि दिवस कमी.

चौथं, लेकीसुनांशी बोलताना सांभाळा. "बघ, तिचं कसं सुंदर आहे" हे वाक्य घरात किती वेळा येतं ते मोजा. त्याऐवजी "ही वेल तू कुठून काढायला घेतलीस?" असं विचारा. पोरगी सांगत बसेल, आणि सांगता सांगता दुसरी वेल काढेल.

आणि मोबाइलवर एखादी नक्षी आवडली तर ती बघून लगेच बंद करा. खडू घ्या, पाटीवर काढा. जेवढी आठवेल तेवढी तिची, जिथं आठवणार नाही तिथं आपली.

एवढंच सांगायचं होतं. येत्या बैठकीला पेटीतली ती अर्धी गोधडी घेऊन या. कुणाची किती झालीय ते बघायचं नाही, सुई-दोरा मात्र बरोबर आणा.