मोजल्याशिवाय बोलायचे नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुम्हाला एका वाघवाल्याची गोष्ट सांगणार आहोत. वाघवाला म्हटले की इथल्या निम्म्या कपाळांना आठ्या पडणार, हे आम्हाला ठाऊक आहे. रात्र रात्र मचाणावर बसून डबे बडवायचे आपण, सकाळी लोळवलेल्या तुरीच्या ओळी पाहायच्या आपण, आणि जंगली जनावरांचे कौतुक मात्र शहरात. तेव्हा त्यांचा कैवार घेणारा माणूस आपला नव्हे, असे वाटणे साहजिक आहे. आम्हालाही तसेच वाटत होते. पण या माणसाची हकिकत वाचत गेलो आणि लक्षात आले की, सरकारी खोट्या आकड्यांशी जे भांडण आपण करतो, तेच भांडण हा माणूस वाघासाठी करत आला आहे. आणि आपल्यापेक्षा चांगले करत आला आहे. म्हणून ही गोष्ट सांगायची.

त्यांचे नाव उल्लास कारंत. जन्म १९४८ चा, कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात पुत्तूरचा. ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड लेखक शिवराम कारंत हे त्यांचे वडील. पोराला लहानपणापासून जंगलाचा आणि वाघाचा नाद. पण त्या काळी वाघाचा अभ्यास करून पोट भरते असे कोणी सांगितले असते तर लोक हसले असते. म्हणून १९७१ साली सुरतकलच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. नोकरी केली, काही वर्षे शेतीही केली. म्हणजे पाऊस लांबला की पोटात कसा गोळा येतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. रिकाम्या वेळेत जंगल पाहायचे, मिळेल ते वाचायचे, असे चालले होते.

पुढे हे गृहस्थ वयाच्या पस्तिशीनंतर पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातून वन्यजीवशास्त्राची पदवी घेतली ती १९८८ साली, म्हणजे चाळिसाव्या वर्षी. मंगळूर विद्यापीठाची डॉक्टरेट १९९३ ची. आमच्यातल्या कोणी "आता या वयात काय शिकायचे" असे म्हटले, तर त्याला हे सांगा.

आता मुद्द्याचे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाटही होते. वाघ वाढले की घटले हे कळायला मोजणी हवी. ती कशी होई? ठरलेल्या दिवसांत वनखात्याची माणसे जंगलभर फिरत, पाऊल दिसले की त्यावर काच धरून त्याची आकृती उतरवून घेत, मग साहेब त्या आकृत्या समोर पसरून ठरवत की हा एक वाघ, हा दुसरा. गृहीत असे की एकाही वाघाचे पाऊल सुटत नाही, आणि प्रत्येक वाघाचे पाऊल नुसत्या नजरेने ओळखता येते. भावांनो, एकाच बैलाचा खूर भुरभुरीत मातीत वेगळा उमटतो आणि चिखलात वेगळा, हे आपल्या पोरालाही कळते. वाघाचेही तेच. पण आकडा जाहीर व्हायचा तो अगदी नेमका. २००१-०२ ची मोजणी म्हणाली, देशात ३६४२ वाघ. शेवटच्या दोनासकट!

आपल्या आणेवारीची आठवण झाली ना? ती तशी झालीच पाहिजे.

इथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट कबूल करायची आहे. शेतकीची पदवी घेऊन आम्ही नोकरीला लागलो, तेव्हा पीक कापणी प्रयोगाचे काम आमच्याकडे आले. चिठ्ठी टाकून शेत निवडायचे, ठरल्या मापाचा तुकडा आखायचा, तो कापायचा, मळायचा, वजन करायचे. पद्धत सोळा आणे खरी. पण एका वर्षी वरून सांगणे आले की वेळ नाही, मागच्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून पाठवा. आम्ही पाठवले. त्या वर्षी शेतांत काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते, तरी पाठवले. त्या गावांना सवलत मिळाली नाही. कागदावर सही आमची होती. नोकरी सोडण्याची कारणे पुष्कळ झाली, पण पहिले हे.

कारंतांनी याच्या उलट केले. पावलांच्या मोजणीतली खोट त्यांनी १९८७ सालीच लिहून दाखवली. पण नुसते "तुमचा आकडा खोटा" म्हणून ते थांबले नाहीत. खरा कसा काढायचा ते करून दाखवले. ते कसे, ते समजून घ्या, कारण हे आपल्या कामाचे आहे.

समजा एका तळ्यात मासे किती, ते सांगायचे आहे. सगळे तळे उपसता येत नाही. तुम्ही पन्नास मासे पकडलेत, खूण करून सोडून दिलेत. चार दिवसांनी पुन्हा जाळे टाकलेत, चाळीस मासे आले, त्यांतले दहा खुणेचे निघाले. म्हणजे चारात एक खुणेचा. खुणेचे एकूण पन्नास, तर तळ्यात साधारण दोनशे मासे. सगळे मासे दिसले पाहिजेत असे नाही; न दिसलेल्यांचाही हिशेब लागतो.

वाघाला खूण करायची गरजच नाही. त्याचे पट्टे हीच खूण, कारण एकाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. कारंतांनी कोडगू आणि म्हैसूर जिल्ह्यांतल्या नागरहोळेच्या जंगलात वाघाच्या वाटांवर समोरासमोर दोन दोन कॅमेरे बसवले. दोन का? वाघाच्या उजव्या आणि डाव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात म्हणून. वाघ मधून गेला की आपोआप फोटो निघायचा. किती वाघ पहिल्यांदा आले, किती पुन्हा पुन्हा आले, यावरून तळ्यातल्या माशांसारखा हिशेब. जेम्स निकोल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यांना गणितात साथ दिली. १९९५ साली हे काम छापून आले आणि पुढे जगभर, जिथे जिथे अंगावर खुणा असलेले जनावर आहे, तिथे ही रीत गेली.

वाट सोपी नव्हती. १९९० साली त्यांनी वाघांना रेडिओ कॉलर लावायला सुरुवात केली. जंगलात काही वाघ मेले तेव्हा बोट कारंतांकडे दाखवले गेले, काम काही काळ थांबले. सरकारी मोजणीवरचा त्यांचा आक्षेप तर वर्षानुवर्षे कोणी ऐकला नाही. मग २००५ साली राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शिकाऱ्यांनी संपवले होते, आणि कागदावर मात्र वाघ होते. तेव्हा कुठे पावलांची मोजणी बंद करून कॅमेरे आले. नव्या पद्धतीचा आकडा २००८ साली जाहीर झाला, तो १४११. दोन पद्धती वेगळ्या, म्हणून मधले सगळे वाघ मेले असे म्हणता येत नाही. पण खोट्या आकड्याच्या आडोशाने मरणारा मरतो आणि कोणाला पत्ता लागत नाही, एवढे नक्की. हे वाघाला लागू आहे तसे शेतकऱ्यालाही. कारंतांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यानंतरही सरकारच्या नव्या मोजणीतल्या चुका दाखवायचे त्यांनी सोडले नाही.

त्यांनी मांडलेला दुसरा हिशेब आपल्या थेट उपयोगाचा आहे. एक वाघ वर्षाला सुमारे पन्नास मोठी जनावरे मारतो, चितळ, सांबर, गवा, डुक्कर. हे भांडवल मोडू नये म्हणून त्याच्या टापूत अशी पाचशे जनावरे लागतात. व्याजावर जगणे म्हणा ना. जिथे शिकारीने चितळ-सांबर संपवले, तिथे वाघ कोणाच्या गोठ्याकडे वळणार?

सगळेच आम्हाला पटते असे नाही. वाघाला माणसांपासून मोकळे जंगल हवे आणि आतल्या गावांनी राजीखुशीने बाहेर यावे, हे कारंतांचे मत. भद्रा अभयारण्यातून २००२ च्या सुमारास चारशेहून अधिक कुटुंबे बाहेर आली, त्यांना ओलिताची जमीन मिळाली. तिथे ते बरे झाले. पण नागरहोळेत जेनु कुरुबा आदिवासींनी आमचे जंगल आमचेच म्हणून भांडण मांडले आहे, आणि तेही ऐकले पाहिजे. राजीखुशी कशाला म्हणायचे, हे उठणाऱ्याने ठरवायचे, उठवणाऱ्याने नव्हे.

आता आपले. कारंतांनी १९८४ साली स्थापन केलेल्या संस्थेत त्यांच्या कन्या क्रीती कारंत यांनी २०१५ साली एक काम सुरू केले. बंडीपूर आणि नागरहोळेच्या कडेच्या गावांना एक फोन नंबर दिला. पीक खाल्ले, गुरू मारले, की फोन करायचा. माणूस शेतावर येतो, फोटो काढतो, भरपाईचा अर्ज भरून देतो. वाघवाल्यांच्याच घरातून हे निघाले, याची नोंद घ्या.

आपण काय करायचे? गावागावात एक वही घाला. तारीख, गट नंबर, पीक, जनावर कोणते, अर्ज कधी दिला, पंचनामा कधी झाला, पैसे कधी आणि किती आले. नुकसान अंदाजपंचे लिहू नका. शेतात पाच ठिकाणी काठीने सारखे चौकोन आखा, उभी झाडे मोजा, मोडलेली मोजा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. अर्धा एकर गेला तर अर्धाच लिहा. एक आकडा फुगलेला सापडला की बाकीच्या नव्वद खऱ्या आकड्यांवर पाणी पडते.

आम्ही एकदा खोट्या आकड्यावर सही केली आहे. या वहीवर करायची ती खऱ्यावर. पुढच्या मेळाव्याला येताना वही घेऊन या.