बालकांचा नेत्रकर्करोग व आपलें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पवित्र मिस्सेनंतर भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा दिवस परमेश्वराचे आभार मानण्याचा आहे. पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं या मंदिराचा पाया घातला, त्यांच्या श्रद्धेचें फळ आज आपण चाखीत आहों. अशा आनंदाच्या प्रसंगीं एका दुःखाचा विषय आपणांपुढें मांडावयाचा, याबद्दल प्रथमच क्षमा मागतों. परंतु ज्युबिलीची प्रथा जुन्या करारांतून आलेली आहे, आणि त्या काळीं तिचा अर्थ दासांस मोकळें करणें व गेलेली जमीन ज्याची त्यास परत देणें असा होता. आपल्या महोत्सवानेंहि कोणाची तरी बेडी तुटावी, एवढ्याच हेतूनें आम्ही येथें उभे आहों. विषय आहे तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या कर्करोगाचा.

डॉक्टर या रोगास रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आंत, मागील बाजूस, प्रकाश टिपणारें एक नाजूक पटल असतें, तें नेत्रपटल. मूल गर्भांत असतांना व जन्मानंतर कांहीं काळ या पटलाच्या पेशी वाढत असतात. त्या वाढीस आळा घालणारी शक्ति एखाद्या पेशींत नाहींशी झाली, कीं तेथें गांठ धरते. सुमारें १५ ते २० हजार जन्मांमागें एका मुलास हा रोग होतो, आणि बहुतेक सर्व रोगी ५ वर्षांच्या आंतील असतात. रोग विरळा खरा. पण ज्या घरीं तो शिरतो त्या घरास आंकड्यांचें समाधान काय होय?

या रोगाची पहिली खूण पुष्कळदां घरांतच दिसते, आणि ती प्रथम पाहणारी बहुधा आई असते. बुबुळाच्या मधोमध जी काळी बाहुली असते, तिच्यांत पांढरट चमक दिसते. रात्रीं दिव्यासमोर मांजराचे डोळे चमकतात तशी. कधीं मूल तिरळें पाहूं लागतें, कधीं डोळा लाल होतो किंवा मोठा दिसतो. हल्लीं घरोघरीं छायाचित्रें निघतात. त्यांत एका डोळ्यांत लालसर व दुसऱ्यांत पांढरी चमक वारंवार दिसली, तर ती इशाऱ्याची खूण समजावी. अशी प्रत्येक चमक कर्करोगाचीच असते असें नाहीं. कधीं ती जन्मजात मोतीबिंदूची असते, तर कधीं केवळ छायाचित्राच्या कोनामुळें दिसते. पण ती कशाची आहे हें ठरविणें आपलें काम नव्हे. तें नेत्रवैद्याचें काम आहे. आपलें काम एवढेंच, कीं मुलास विनाविलंब त्याच्याकडे न्यावें.

येथेंच आपलें चुकतें. मूल हंसतें, खेळतें, दूध पितें. आरंभीं त्यास वेदना नसते, आणि एका डोळ्यानें दिसत असल्यामुळें तें अडखळतहि नाहीं. मग कोणी म्हणतें, दृष्ट लागली. कोणी डोळ्यांत मध घालावयास सांगतें. कोणी म्हणतें, तिरळेपणा वयानें जाईल. कोणी तर आईलाच बोल लावितें, कीं ग्रहणांत तिनें विळी हातांत धरली म्हणून असें झालें. बंधुभगिनींनो, हा बोल खोटा आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड नडसन यांनीं १९७१ सालीं या रोगाचें मूळ कसें असावें याचा विचार मांडला, आणि १९८६ सालीं तें आनुवंशिक घटकांतील दोषांत आहे, हें प्रत्यक्ष हातीं आलें. त्या दोषाशीं ग्रहणाचा किंवा आईच्या हातांतील विळीचा कांहीं एक संबंध नाहीं. जवळजवळ १०० पैकीं ४० मुलांत हा दोष जन्मतःच शरीरांत सर्वत्र असतो, आणि त्यांतील बहुतेकांच्या घराण्यांत पूर्वीं कोणासहि हा रोग झालेला नसतो. मात्र आईस, बापास किंवा भावंडास तो झाला असेल, तर नव्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घेतले पाहिजेत. तेथें चमक दिसण्याची वाट पाहूं नये.

विलंबाचें फळ काय होतें, तें ऐका. गांठ डोळ्यांत आहे तोंवर ती जिंकतां येते. वेळीच आलेल्या पुष्कळ मुलांचा डोळा लेसर किरणांनीं, अतिथंड उपचारानें व औषधांनीं राखतां येतो, आणि कांहींची दृष्टीहि राखतां येते. पण गांठ वाढली, तर ती दृष्टिनाडीच्या वाटेनें मेंदूपर्यंत किंवा रक्तावाटे हाडांतील मज्जेपर्यंत जाते. मग प्रश्न डोळ्याचा राहत नाहीं, प्राणाचा होतो. २०२२ सालीं जगांतील ४ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत तीन वर्षांनंतर १०० पैकीं ९९ हून अधिक मुलें जिवंत होतीं. अत्यंत गरीब देशांत ५७. भारत ज्या गटांत येतो त्या देशांत सुमारें ८०. रोग एकच, पण मूल कोठें जन्मलें व केव्हां डॉक्टरांकडे पोंचलें, यावर त्याचें जगणें ठरतें. हें आपल्या सद्सद्विवेकबुद्धीस बोंचलें पाहिजे.

कांहीं मुलांचा जीव वांचविण्यासाठीं डोळा काढावा लागतो. ही गोष्ट आईबापांस ऐकवत नाहीं, आणि कित्येक जण मुलास घेऊन घरीं परततात ते पुन्हां येतात तों फार उशीर झालेला असतो. स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनीं १८०९ सालींच सांगून ठेविलें होतें, कीं रोग आरंभीं असतां डोळा काढल्यास मूल वांचूं शकेल. त्या काळीं भूल देण्याची विद्या नव्हती. आज शस्त्रक्रिया गुंगींत होते, पुढें कृत्रिम डोळा बसवितां येतो, आणि एका डोळ्याचें मूल शाळेंत जातें, खेळतें, मोठेपणीं संसार करतें. अशा मुलास कोणी हिणवूं नये, आणि अशा मुलीच्या लग्नाच्या वेळीं कोणी नाक मुरडूं नये, हाहि आपल्या ख्रिस्ती धर्माचाच भाग आहे.

आतां पैशाविषयीं. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. उपचाराच्या खर्चास सरकारी आरोग्य योजनांचा आधार मिळूं शकतो. मग अडतें कोठें? तें वाटेवर अडतें. आपल्या पालघर जिल्ह्यांतील मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून निघालेलें कुटुंब मनांत आणा. औषधाच्या बहुधा सहा फेऱ्या, दर तीन-चार आठवड्यांनीं एक. त्यानंतर कित्येक वर्षें पुनःपुन्हां तपासणी. प्रत्येक खेपेस गाडीभाडें, बापाची बुडालेली मजुरी, घरीं राहिलेलीं भावंडें, आणि मुंबईंत रात्रीं पाठ टेकण्यास जागा नाहीं. परळच्या पदपथांवर रात्री काढणारीं रोग्यांचीं कुटुंबें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलीं असतील. संत यहूदा यांचें नांव धारण करणारी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून अशा मुलांस व त्यांच्या आईबापांस उपचार चालूं असतां विनामूल्य निवारा देते. पण निवाऱ्यापर्यंत पोंचावयासहि पैसा लागतो.

शुभवर्तमानांतील दयाळू शोमरोनी मनुष्य आठवा. त्यानें जखमा बांधल्या, आणि तेवढ्यावर तो थांबला नाहीं. जखमी माणसास त्यानें धर्मशाळेंत नेलें, मालकाच्या हातीं दोन नाणीं ठेविलीं, आणि अधिक खर्च झाल्यास परततांना देईन असें वचन दिलें. त्या काळीं एक नाणें म्हणजे एका दिवसाची मजुरी. प्रभूनें जखमांच्या औषधाबरोबर मुक्कामाचा खर्चहि सांगितला, तो उगीच नव्हे.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : आपल्या घरांतील पांच वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या डोळ्यांकडे आज घरीं गेल्यावर नीट पाहा, आणि महोत्सवाचीं छायाचित्रें हातीं आलीं म्हणजे त्यांतील मुलांचे डोळेहि पाहा. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाच्या नांवानें पेटविलेली मेणबत्ती हातीं घेणाऱ्या धर्ममातापित्यांनीं ही जबाबदारी आपली मानावी. दुसरी : शेजारणीच्या, मोलकरणीच्या, वाडीवर कामास येणाऱ्या बाईच्या मुलाकडेहि तितक्याच आपुलकीनें पाहा, मग तिचा धर्म कोणताहि असो. तिसरी : प्रत्येक घरानें वर्षांतून दोन दिवसांची मिळकत बाजूस काढावी. हा पैसा संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या हातीं राहावा, त्याचा हिशेब दरवर्षीं मंदिरांत वाचून दाखवावा, आणि तो केवळ अशा मुलांच्या प्रवासास, मुक्कामास व घरच्या चुलीस खर्च व्हावा. ज्यास दोन दिवसांचें जमत नसेल त्यानें रोजची एक मूठ तांदूळ ठेवावी. विधवेच्या दमडीचें मोल प्रभूच्या दरबारीं काय झालें, तें आपण जाणतां.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयास लोकांनीं गप्प राहावयास सांगितलें, पण तो अधिकच मोठ्यानें हांक मारूं लागला, आणि ती हांक ऐकून प्रभु थांबला. पाळण्यांतील मुलास अशी हांक मारतां येत नाहीं. आपली दृष्टि जात आहे, हेंहि त्यास कळत नाहीं. त्याच्या वतीनें हांक मारणें आपल्याकडे आलें आहे. संत लुसी, जिच्याकडे आपले वाडवडील डोळ्यांसाठीं प्रार्थना करीत आले, ती आपल्या मुलांसाठीं मध्यस्थी करो. आणि पुढील महोत्सवास जे येथें जमतील, त्यांत या निधीनें वांचलेलें एखादें मूल मोठें होऊन उभें असो, एवढीच परमेश्वरचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.