सेवेची नोंद, सेवेचा मान

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा शहरातल्या महाल भागाच्या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यांवर पाणपोईचा मोठा आधार असतो. पाणपोई उघडणाऱ्याचे नाव फलकावर झळकते. रोज सकाळी माठ धुऊन भरणाऱ्याचे मात्र कुठेच नसते. स्वयंसेवकांचा गौरव करताना आपली नेमकी हीच चूक होते.

गौरवाने काम वाढते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस एका पुढाऱ्याला नव्हे, तर अख्ख्या गावाला मिळे. त्यासाठी गावेच्या गावे हाती खराटा घेऊन श्रमदानाला उतरली.

खरी सेवा निष्काम असते, तिला सत्कार कशाला, असे कुणी म्हणेल. सेवकाला मानाची अपेक्षा नसेलही. पण कोणते काम मोलाचे, हे पुढच्या पिढीला त्या मानातूनच कळते. सत्कारात वशिला शिरतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे निवड वस्तीने उघडपणे करावी आणि शाल-श्रीफळापेक्षा कामाच्या लेखी नोंदीला महत्त्व द्यावे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून जाहीर केला. यंदा त्या दिवशी प्रत्येक मोहल्ल्याने आपल्या स्वयंसेवकांची नावे आणि त्यांचे काम सर्वांसमोर वाचून दाखवावे. खर्च काहीच नाही. सुरुवात आपल्या गल्लीपासून करा.