पडद्यावरचे अक्षर आणि पडद्यामागची यंत्रणा

ऑपरेटिंग सिस्टीम घडवणाऱ्यांच्या या परिषदेपुढील प्रश्न, म्हणजे खिडक्या, चित्रे व अक्षरे पडद्यावर उमटवणारी ग्राफिक्स यंत्रणा नव्याने लिहावी की प्रचलित असलेली स्वीकारावी, असा दोन तुकड्यांत मांडला की उत्तर चुकते. कारण ही यंत्रणा एकसंध वस्तू नसून थरांची चळत आहे. तळाशी ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर, त्यावर रेषा व रंग रेखाटणारी लायब्ररी, तिच्यावर सर्व प्रोग्रॅमच्या खिडक्यांचे मिळून एक दृश्य जुळवणारा कंपोझिटर, आणि या सर्वांइतकीच महत्त्वाची, अक्षरांना आकार देणारी व्यवस्था. म्हणून हा निर्णय प्रत्येक थरासाठी वेगळा घ्यावा लागतो.

एमआयटीमध्ये 1984 साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीमची अकरावी आवृत्ती 1987 मध्ये आली आणि तिचा प्रोटोकॉल, म्हणजे प्रोग्रॅम व पडदा सांभाळणारा सर्व्हर यांच्यातील संवादाचे नियम, दीर्घकाळ टिकून राहिला. पुढे प्रोग्रॅम आपली चित्रे स्वतःच रेखाटू लागल्याने सर्व्हर बव्हंशी मध्यस्थ उरला. शिवाय एका प्रोग्रॅमला दुसऱ्यात टंकलेला मजकूर टिपता येतो, हा मूळ रचनेतला दोष असह्य ठरला. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी 2008 मध्ये आरंभलेल्या वेलँडने हा प्रोटोकॉल नव्याने रचला, मात्र लिनक्सच्या गाभ्यातील ड्रायव्हर आणि मेसा ही त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी तशीच ठेवली, आणि जुन्या प्रोग्रॅमसाठी एक्सवेलँड हा दुवा दिला. इतके जपूनही पडदा इतरांना दाखवणे किंवा दृष्टिहीनांसाठी पडदा वाचणे यांसारख्या सोयी पुन्हा उभ्या करण्यात वर्षे गेली.

कॅनॉनिकल या कंपनीने 2013 मध्ये जाहीर केलेल्या मिर या सर्व्हरची कथा याहून बोधक आहे. वेलँड उपलब्ध असताना दुसरा प्रोटोकॉल आणल्यामुळे तो सांभाळण्याचा भार इतर विकासकांवर पडणार होता, आणि तो उचलण्याची तयारी फारशी कोणी दाखवली नाही; 2017 मध्ये कॅनॉनिकलने मिरवर आधारलेले युनिटी 8 हे डेस्कटॉप सोडून दिले आणि मिर पुढे वेलँडचाच कंपोझिटर बनला. अँड्रॉइडने मात्र लिनक्सचा गाभा घेऊनही एक्सला फाटा देत सर्फेसफ्लिंगर हा स्वतःचा कंपोझिटर लिहिला आणि तो यशस्वी झाला, कारण तेथे जुने डेस्कटॉप प्रोग्रॅम चालवण्याचे बंधन नव्हते. रेखाटनासाठी मात्र स्किया ही आधीच तयार असलेली लायब्ररी वापरली गेली.

अक्षरांच्या थराबाबत मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. ‘स्थिती’ या शब्दातील पहिली वेलांटी संगणकात ‘थ’नंतर साठवली जाते, परंतु पडद्यावर ‘स्’च्याही आधी काढावी लागते; तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, हा भेद केवळ अर्ध्या ‘र’च्या आकारावर उभा आहे. हे नियम पाळून फॉन्टमधील योग्य आकार निवडण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात, आणि केवळ रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून नव्याने लिहिलेली यंत्रणा नेमकी येथेच मराठी वाचकाला तुटकी अक्षरे दाखवते. हार्फबझ ही शेपिंगची मुक्त लायब्ररी अँड्रॉइड, फायरफॉक्स व लिब्रेऑफिस या तिन्हींत वापरली जाते. म्हणून कंपोझिटर नवा लिहिणाऱ्यानेही शेपिंग तिच्याकडेच सोपवावे, आणि मराठी जाणणाऱ्या प्रोग्रॅमरांनी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्या’ असे शब्द तिच्या चाचण्यांत घालावेत, म्हणजे तेथे झालेली एक दुरुस्ती या सर्व ठिकाणी पोहोचेल.