नियम कुणासाठी?

आमच्या वाळवे तालुक्यात पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : “माणूस चांगला असला म्हणजे झालं, नियमाचं काय घेऊन बसलाय!” वाक्य गोड आहे, पण खरे आहे का? आपल्याच भागाचा इतिहास काय सांगतो ते पाहू.

१० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला. आदल्याच दिवशी वडूजलाही तेच घडले होते. पुढे नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे केले. आपला हा भाग तेव्हा साताऱ्यातच मोडत असे. इंग्रजांचा कायदा झुगारणाऱ्या या मंडळींनी सगळेच नियम झुगारले काय? मुळीच नाही. त्यांनी गावोगावी न्यायदान मंडळे नेमली. कारण राज्य बदलले तरी बांधाचा तंटा दुसऱ्या दिवशी तसाच उभा असतो, आणि तो मिटवायला दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात.

मात्र एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. तो काळ भूमिगत लढ्याचा. आरोपीला पकडणारे, दोषी ठरविणारे आणि शिक्षा देणारे एकाच चळवळीतले. हेतू निर्मळ होता, गावगुंडांना जरब बसली, हे खरे. पण चूक झालीच, तर दाद कुणाकडे मागायची? लढ्यात जे निभावते, ते कायमच्या कारभाराला पुरत नाही. म्हणूनच राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदाने न्याय आणि कारभार वेगळे ठेवायला सांगितले. आणि ज्यांच्या शब्दावर गावे चालत, ते नाना पाटीलही १९५७ साली साताऱ्यातून रीतसर मते मागूनच लोकसभेत गेले.

मग आपल्या गावचे काय? १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा वर्षाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवायला लावतो. तो मागितला की कुणी म्हणतो, “सरपंचांवर विश्वास नाही का?” त्याला सांगा, विश्वास आहे म्हणूनच आज विचारतो. चांगल्या सरपंचाच्या काळात हिशेब वाचायची सवय लागली, तर उद्याच्या वाईट सरपंचाला ती मोडता येणार नाही. गुरुजनहो, शाळेच्या मुलांना एकदा ग्रामसभेला घेऊन जा. धड्यापेक्षा अधिक कळेल.

दोघा भावांत गोडी असते तेव्हाच बांध घालून घ्यावा, असे आपली जुनी माणसे सांगत. भांडण पेटल्यावर घातलेला बांध कुणालाच पटत नाही. नियमाचेही तसेच आहे.