कडू घरातील गोड घटका

श्रोतेहो, नातवंडांनी भरलेल्या घरात आजीआजोबा सर्वांचेच असतात. पंगतीला ते सर्वांचे, सणावारी सर्वांचे, आणि रागावले तरी सर्वांवरच रागावतात. परंतु उतारवयात कोणालाही विचारावे, तर त्याच्या मनात राहिलेली असते ती एखादी निराळीच घटका. घरात इतकी माणसे असताना आजी किंवा आजोबा काही वेळ केवळ आपल्या एकट्याचे झाले होते, ती घटका. तिचे मोल काय असते, याची साक्ष एका थोर रशियन लेखकाने देऊन ठेवली आहे. त्याचे नाव मॅक्झिम गॉर्की.

गॉर्की हे त्याने पुढे घेतलेले टोपणनाव. रशियन भाषेत त्याचा अर्थ ‘कडू’ असा होतो. मूळ नाव अलेक्सेई पेश्कोव्ह. त्याचा जन्म १८६८ साली व्होल्गा नदीकाठच्या निझ्नी नोव्हगोरोद शहरी झाला. १८७१ साली आस्त्राखान येथे या मुलाला पटकी झाली. त्याची शुश्रूषा करता करता ती बापाला जडली. पोर वाचले आणि बाप गेला. तेव्हा विधवा झालेली मुलगी आणि पोरका नातू यांना घेऊन आजी आकुलीना माहेरी निघाली.

परतीचा प्रवास आगबोटीने, व्होल्गेच्या प्रवाहाविरुद्ध, संथपणे चालला होता. आई दुःखाने मुकी झालेली; तेव्हा नातू सारा आजीच्या वाट्याला आला. आजी तपकीर ओढी, दाट लांबसडक केस विंचरी, आणि मुलाच्या कानाशी तोंड नेऊन गूढ आवाजात गोष्टी सांगे. काठावरची सोनेरी झाडे पाहून तिचेच डोळे भरून येत. त्यापूर्वी आपण जणू अंधारात निजलो होतो, आजीने आपल्याला जागे करून उजेडात आणले, अशा आशयाचे उद्गार गॉर्कीने पुढे काढले आहेत.

पण बोट ज्या घरी पोचली, ते घर उजेडाचे नव्हते. आजोबा वासिली काशीरिन यांचा कापड रंगविण्याचा कारखाना होता. मामे वाटणीसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेले. शनिवारी मुलांच्या आठवड्याच्या अपराधांचा हिशेब छडीने चुकता होई. एकदा अलेक्सेईने मामेभावाच्या चिथावणीने सणाची पांढरी चादर रंगाच्या पिपात बुडविली. आजोबांनी त्याला शुद्ध हरपेपर्यंत मारले. आजी आडवी आली, पण तिचे काही चालले नाही. मुलगा कित्येक दिवस पालथा पडून होता.

आणि मग एके दिवशी आजोबा त्याच्या खाटेपाशी आले. खिशातून आल्याची गोड रोटी, सफरचंद, मनुका असा खाऊ त्यांनी उशीजवळ ठेवला. आपणही लहानपणी कसा मार खाल्ला, हे ते सांगू लागले. त्या काळी रशियात नावा प्रवाहाविरुद्ध ओढून नेणारे मजूर असत. त्यांना बुर्लाक म्हणत. आजोबा तरुणपणी बुर्लाक होते. नाव पाण्यात आणि ते अनवाणी काठावर. खांद्याला दोर, पायाखाली अणकुचीदार खडे, माथ्यावर ऊन. अशी तीन वेळा त्यांनी व्होल्गा तुडविली होती. बोलता बोलता तो सुकलेला म्हातारा मुलाच्या डोळ्यांदेखत थोराड आणि बलवान होत गेला.

दारातून माणसे डोकावत, आजोबांना कामासाठी बोलावीत. मुलगा म्हणे, जाऊ नका. आणि आजोबा हसून हाताने खुणावीत : थांबा तिकडे. असे संध्याकाळपर्यंत चालले. ते उठून गेले तेव्हा मुलाला कळले होते की आपला आजोबा दुष्ट नाही, भयंकर नाही.

श्रोतेहो, या संध्याकाळीमुळे मागचा मार पुसला गेला काय? मुळीच नाही. हेच आजोबा पुढे धंदा बुडाल्यावर इतके कृपण झाले की, चहाची पत्तीदेखील आजीशी वाटून, तळहातावर मोजून घेऊ लागले. १८७९ साली आई वारल्यावर त्यांनीच नातवाला पोट भरण्यासाठी घराबाहेर धाडले. गॉर्कीने यांपैकी काहीही लपविले नाही. परंतु लहान मूल हिशेबाला फार प्रामाणिक असते. छडी ज्या वहीत नोंदली जाते, त्याच वहीत ती संध्याकाळही नोंदली जाते; एकीवर दुसरीची वजावाट होत नाही.

१८८७ साली आजी वारली. तेव्हा अलेक्सेई दूर कझान शहरी एका बेकरीत राबत होता. बातमी त्याला दफनानंतर सात आठवड्यांनी पत्राने कळली. तो रडला नाही. आपली आजी किती शहाणी आणि मायाळू होती, हे कोणाला तरी सांगावे असे त्याला फार वाटले. पण ऐकायला कोणी नव्हते. पुढे १९१३–१४ साली त्याने आपल्या बालपणाची कथा लिहिली आणि त्या वेळी मनात राहिलेले साऱ्या जगाला सांगितले. काशीरिनांच्या त्या घरात १९३८ साली संग्रहालय उघडण्यात आले.

आजोबांनी आणलेला खाऊ चार दिवसांत संपला असेल. राहिले ते एवढेच, की दाराशी माणसे खोळंबली असताना एका कामसू, कडक म्हाताऱ्याने एका लहान मुलासाठी त्यांना थांबविले. आपल्याही दाराशी कोणी ना कोणी बोलावणारे असतेच. त्यांना क्षणभर ‘थांबा तिकडे’ म्हणण्याची संधी ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांना आजच्या संध्याकाळीही आहे.